रिठ्याचं पाणी

दत्तप्रसादांनी पातेलं सांडशीत धरून उकळतं पाणी पोळपाटावर हळूहळू ओतलं. वाफ खिडकीबाहेर न जाता त्यांच्या चष्म्यावरच बसली आणि बिबवेवाडीतल्या त्या फ्लॅटचं चिंचोळं स्वयंपाकघर क्षणभर ढगात गेलं.

"लाटणं राहिलं," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

कौशल्याबाई तिथे आरामखुर्चीत टेकून बसल्या होत्या. न्यूमोनियातून उठल्यापासून त्यांना जरा बोललं तरी धाप लागे. हॉस्पिटलातून त्या घरी येणार म्हणून दत्तप्रसादांनी उग्र औषधांनी सगळं घर घासून काढलं होतं. एकही जंतू राहायला नको होता. पण त्या वासानं कौशल्याबाईंना खोकल्याची अशी उबळ आली की उजाडेपर्यंत थांबली नाही. फिनेल, ब्लीच, सगळं घराबाहेर काढा, असं डॉक्टरांनी बजावलं. बंगळुरूहून मुलाचा, अभिनवचा, फोन आला. "बाबा, तुम्हाला एकट्याला नाही जमणार. रविवारी येऊन आईला घेऊन जातो."

फोन ठेवून दत्तप्रसाद उठले आणि मार्केट यार्डातून पिशवीभर रिठे घेऊन आले.

आता त्या रिठ्यांच्या कोमट पाण्यानं ते ओटा घासत होते. फेस बोटांमधून सावकाश ओघळत होता. भांडी पुसायची फडकी साबणाच्या पाण्यात उकळून झाली होती. लिंबाची फोड नळाच्या तोटीवर फिरवताना त्यांचा हात आपोआप मंदावला. दुपारच्या उन्हात ती पितळी तोटी मऊ, पिवळी दिसत होती.

"फडकी घट्ट पिळा. ओली राहिली तर उपयोग नाही."

"तुला तिथून दिसतं?"

"ऐकू येतं."

त्यांनी फडकी पुन्हा पिळली, गॅलरीतल्या दोरीवर पसरली आणि पोळपाट उन्हात टेकवून ठेवला. मग बराच वेळ आतून एकही सूचना आली नाही. त्यांनी घाबरून वळून पाहिलं.

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, डोळे मिटलेले.

"आई याच पाण्यानं न्हाऊ घालायची," त्या पुटपुटल्या. "मी केस उन्हात सोडून झोपून जायचे."

त्यांनी खोल श्वास घेतला. दत्तप्रसाद जागीच थांबले. दोघंही खोकल्याची वाट पाहत राहिले. खालून भाजीवाल्याची हाक आली, विरून गेली. दोरीवरची फडकी हलली. खोकला आला नाही.

कौशल्याबाईंनी डोळे उघडले.

"अभिनवला फोन लावा."

"काय सांगू?"

"रविवारी जेवायला ये म्हणावं. आणि परतीचं तिकीट स्वतःपुरतंच काढ."

दत्तप्रसादांनी मान हलवली. मग पाठ फिरवून ते कोरडा झालेला ओटा पुन्हा पुसायला लागले.