चित्राचं पान

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हणजे अभिजात वगैरे नव्हे, नुसतीच जुनी. सांगलीतल्या एका वाचनालयात, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कपाटात मी राहते. माझ्या पोटात दोन बहिणी आहेत आणि त्यांच्या घराण्याची बरीच गुपितं. ती कुठल्याही शहाण्या वाचकाला पहिल्या पन्नास पानांत कळतात. बहिणींना कळायला मात्र शेवटचं प्रकरण लागतं. मुखपृष्ठावर दोन बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. चित्रकारानं मला वाचलं नव्हतं, तरी चित्र बरोबर आलं.

छापखान्यातून निघाले तेव्हा मला नव्या शाईचा वास होता. वाचनालयात येताच बाइंडरनं माझ्या कडा कापल्या आणि मला जाड पुठ्ठ्यात बसवलं, कैद्याला गणवेश देतात तसं. पण दिवस चांगले होते. बायका माझ्यासाठी नंबर लावत. एकीनं पेन्सिलीनं समासात लिहिलं होतं, ‘लय रडले.’ खाली दुसऱ्या अक्षरात होतं, ‘मी नाही.’ पुढं घरोघरी टीव्ही आले. संध्याकाळी बसल्या जागी माझ्या दसपट गुपितं मिळू लागली. माझ्यावर धूळ बसली. बाजारातून हळदीचा वास येई तेवढाच. वाचक येत नसे.

अशात शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात वैजयंता नावाच्या सुनेनं मला घरी नेलं. स्वतःसाठी नव्हे, सासूसाठी. सासू म्हणजे साळूबाई. माणदेशातलं, मेंढरं राखणारं घर. नवरा आकाराम जन्मभर मुंबईच्या गिरणीत. दोन वर्षांपूर्वी तो वारला आणि मुलानं आईला दहिवडीकडच्या गावातून सांगलीला आणलं. इथं ना मेंढरं, ना ओळखीचं कोणी. मुलगा बायकोला म्हणाला होता, आई शिकलेली आहे, आबांनी मुद्दाम वाचणारी बायको केली होती, तिला पुस्तकं आणून देत जा.

दुपारी साळूबाई चष्मा लावून मला मांडीवर घ्यायच्या. मला वाटलं, दिवस पालटले. दोनच दिवसांत माझ्या ध्यानात आलं. रडायच्या पानावर त्या रडत नव्हत्या, हसायच्या पानावर हसत नव्हत्या. तोंडातली सुपारी संपली की पान उलटायच्या. साळूबाईंना अक्षर येत नव्हतं.

मित्रांनो, फळीवर एकटं पडणं मला माहीत होतं. पण कुणाच्या तरी मांडीवर उघडं असून एकटं असणं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि तेही आम्ही दोघी मिळून.

एकदा वैजयंतानं भाजी निवडता निवडता विचारलं, “आत्याबाई, कसली गोष्ट हाय त्यात?”

साळूबाईंनी माझी गोष्ट सांगितली. दोन बहिणी होत्या. थोरली मेंढरांमागं, धाकटी शाळेत. थोरलीला मुंबईचं स्थळ आलं. नवऱ्या मुलाची अट एकच, पत्र धाडलं तर वाचता आलं पाहिजे. घरच्यांनी तोड काढली. धाकटीनं आपल्या पुस्तकातला एक धडा थोरलीकडून पाठ करून घेतला. बघायला पाहुणे आले. थोरली पुस्तक धरून धडा म्हणू लागली, धाकटी शेजारी बसून पान उलटायची वेळ झाली की चिमटा काढू लागली. लग्न ठरलं. धाकटीलाही पुढं त्याच गावात दिली. नवऱ्याची पत्रं यायची, थोरली पदराखाली घालून धाकटीकडं जायची. पत्रात काय, तर तब्येतीला जप, मेंढरं कशी आहेत, पाऊस झाला का. नवरा मेला, पण त्याला फसवलेलं कळलं न्हाई. लय कोरडा माणूस हुता, असं शेवटी साळूबाई म्हणाल्या.

गोष्ट चांगली होती. माझ्यात ती नव्हती, एवढंच.

वैजयंतालाही आवडली. म्हणून तिनं मला वाचायला घेतलं. माझ्यात तिला मृत्युपत्र सापडलं, विष सापडलं, हरवलेला काका सापडला. मेंढरू एकही सापडलं नाही. तिनं मला मिटलं आणि बराच वेळ सासूच्या खोलीच्या दाराकडं बघत बसली. नवऱ्याला ती काही बोलली नाही. मी जन्मभर गुपितं सांभाळली, पण इतकं नीट सांभाळलेलं पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मिरजेला गुडघा दाखवायला म्हणून धाकटी बहीण बनुबाई एसटीनं आल्या. आकारामच्या दिवसकार्यानंतर त्या पहिल्यांदाच येत होत्या. बहिणी मापातच बोलल्या. चहा झाला. वैजयंतानं मला बनुबाईंच्या हातात दिलं. आत्याबाईंचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय मावशी, त्यांची गोष्ट अर्धीच राहिलीय, तेवढी वाचून दाखवा, असं म्हणून ती धुणं वाळत घालायला गेली. चष्मा तिच्याच कपाटात, साड्यांखाली होता.

बनुबाई वाचू लागल्या. आवाज शाळेतल्यासारखा, एका सुरात. किती वर्षांनी मला कुणी मोठ्यानं वाचत होतं. तिसऱ्या प्रकरणात माझ्यातली एक बहीण दुसरीला म्हणते की मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. वाक्य फार बरं नाही. पण बनुबाई तिथंच अडकल्या.

“आक्का, दाजींना ठावं हुतं.”

“काय?”

“तुला वाचाय येत न्हाई ते.”

साळूबाईंनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “कवापास्नं?”

“बघाय आलते तवापास्नं. मी चिमटा काढला, तू पान उलटलंस, पर दोन उलटलीस. म्होरं नुसतं बैलाचं चित्र, अन् तू धडा म्हणतीयास. दाजी वाकून बघत हुते. घरी जाऊन त्यांनीच हो म्हणून सांगावा धाडला.”

“अन् तू मला आत्ता सांगतीस?”

“त्यांनी शपथ घातलीती. तिला लाज वाटंल म्हणाले. ते गेल्यावर सांगाय आलते. तू दारात बसून कोरडा माणूस, कोरडा माणूस म्हणून रडत हुतीस. माझी जीभच उचलंना. म्हणून मग आलेच न्हाई.”

“कोरडाच हुता. ठावं हुतं तर पत्रात एक शबुद तरी गोड लिवावा का न्हाई?”

“कसा लिवतील? वाचणार मी. मेव्हणीच्या तोंडनं बायकूला गोड बोलत्यात व्हय?”

साळूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “बैलाचं व्हय गं? मला वाटायचं, गाय हाय.” आणि दोघी हसल्या, हसता हसता एकीचं हसणं बदललं, मग दुसरीचं. माझ्या पानांवर अशी जागा कुठंच नाही.

बनुबाई चार दिवस राहिल्या आणि त्यांनी मला शेवटपर्यंत वाचलं. विष आलं तिथं साळूबाईंना डुलकी लागली.

परत करायच्या आदल्या दुपारी साळूबाईंनी मला एकदा मांडीवर घेतलं. चष्मा लावला नव्हता. एकच पान उघडं ठेवून ऊन उतरेपर्यंत त्या बसल्या. सुपारी कधीच संपली होती, पण त्यांनी पान उलटलं नाही.

आता मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, समासात लिहायचंच तर खरं लिहा. आणि तुमच्या घरात कुणी पुस्तक उघडून बसलं असेल आणि पान फार ठरल्या वेळेला उलटत असेल, तर त्याला गोष्ट काय आहे म्हणून विचारू नका. शेजारी बसा आणि मोठ्यानं वाचा. चष्मा लपवावा लागला तरी चालेल.