उठायचं कोणी

"बूट काढ आधी. बूट घालून कुणी वजन करतं का?" मिलोता म्हणाली.

व्लास्ता पार्सलच्या मोठ्या काट्यावर उभी होती. पोस्टाचं दार आतून लावून दहा मिनिटं झाली होती. उद्या नाताळची संध्याकाळ. दिवसभरात याच काट्यावर तिनं दोनेकशे खोकी चढवली आणि उतरवली होती. तिनं बूट काढले, स्वेटर काढला, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. थोडा विचार करून कानातलेही काढले.

काट्यावरचे आकडे बाहेर, गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसायचे. म्हणून तिच्याबरोबर काउंटरवर काम करणारी मिलोता खिडकीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिनं रोजच्या आवाजात वाचलं, "पंच्याण्णव किलो चारशे. साधं पाठवायचं की रजिस्टर?"

व्लास्ता हसली नाही.

"अगं, युनिफॉर्मच अर्धा किलो भरेल," मिलोता घाईघाईनं म्हणाली.

"तिथं युनिफॉर्म धरत नाहीत. नुसत्या गाऊनवर उभं करतात."

गुडघा बदलायच्या यादीत व्लास्ताचं नाव तीन वर्षं होतं. नोव्हेंबरात हॉस्पिटलचं पत्र आलं. तीन जानेवारीला वजन. पंच्याण्णवच्या वर भरलं तर भूल देणार नाहीत, आणि नाव पुन्हा यादीच्या शेवटी. तेव्हापासून उकडलेला फ्लॉवर खाऊन तिनं साडेसहा किलो उतरवले होते. राहिले चारशे ग्रॅम. पार्सल घेणाऱ्या बाईला चारशे ग्रॅम म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. लहान मुलाच्या बुटांचा एक जोड, खोक्यासकट. पण तो जोड आणि तीन जानेवारी यांच्यामध्ये अख्खा नाताळ आडवा पडला होता.

घरी नवऱ्यानं, इमरोनं, ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "एक दिवस खाल्लंस तर काय होतंय?" इमरो तीस वर्षं बस चालवून नुकताच रिटायर झाला होता. त्याचा हा 'एक दिवस' चोवीस डिसेंबरला सुरू व्हायचा आणि सहा जानेवारीला झाड उतरवलं की संपायचा.

मग ब्रातिस्लावाहून मुलीचा, दारिनाचा फोन आला. "आई, तुझ्या फोनवर पावलं मोजायचं ॲप टाकून देते. रोज दहा हजार पावलं चालायची."

"दोन हजारांच्या पुढं गुडघा पाय टेकू देत नाही गं. म्हणून तर ऑपरेशन."

"बघ, लगेच नाही म्हणतेस. बरं, व्हॅनिलाच्या चंद्रकोरी केल्यास ना? तुझा जावई त्यांच्यासाठीच येतो."

साखरेत घोळलेल्या त्या बिस्किटांच्या चंद्रकोरी केल्या होत्या. शिवाय आणखी आठ प्रकार, आठ डब्यांत. तरीही सासूबाई ओतीलिया प्रत्येक डबा उघडून म्हणाल्या होत्या, "यंदा कमीच केलंस बाई." वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचं लक्ष डब्यांवर असायचं.

आहार सांगणाऱ्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. उभ्यानं खाऊ नका. ताटात वाढून घ्या, बसा, गरम खा, सावकाश खा. व्लास्ताला त्या मुलीची कीव आली होती. सणाला घरच्या बाईला बसायला मिळत नाही, हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

कारण या घरात नाताळच्या रात्री जेवण संपेपर्यंत टेबलावरून फक्त घरच्या गृहिणीनं उठायचं. दुसरं कुणी उठलं तर पुढच्या नाताळला त्याची खुर्ची रिकामी. सासरे असेच एका वर्षी मीठ आणायला उठले आणि ईस्टरच्या आधी गेले. त्यांची फुप्फुसं सहा वर्षं आधीपासून कामातून गेली होती, पण ती कुणी धरली नाहीत, मीठ धरलं. तेव्हापासून कुणी उठत नव्हतं. चौतीस नाताळ व्लास्ताच उठत होती. तिचा मासा गार व्हायचा, ती तो तसाच सोडायची आणि मग सगळं आवरताना ओट्याशी उभी राहून इमरोनं टाकलेली शेपटी, दारिनाचे अर्धे राहिलेले गोळे, भांड्याला चिकटलेली खसखस असं पोटात ढकलायची. फेकायला हात धजायचा नाही. ही चरबी बसून आलेली नव्हती, उभ्याउभ्या आलेली होती.

यंदा तिनं ठरवलं होतं. फक्त तीनदा उठायचं. एकदा सूप, एकदा मासा, शेवटी ओव्हनमधले खसखशीचे गोळे. बाकी सगळं आधीच टेबलावर. आणि स्वतःसाठी एक ताट, माशाचा एक तुकडा, दोन चमचे सॅलड. बसून.

चोवीस तारखेला पहाटे पाचपासून ती स्वयंपाकघरात होती. उपास सगळ्यांनाच होता. दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं, असं इथं मुलांना सांगतात. व्लास्तानं सुपाचा चमचासुद्धा जिभेला लावला नाही. चार वाजता तिला पिल्लू दिसलं नाही, पण भिंत जराशी हलली.

सहाला सगळे बसले. इमरोनं टेबलाच्या चारी पायांना साखळी गुंडाळली, घर वर्षभर एकत्र राहावं म्हणून. ओतीलियाबाईंनी बोटावर मध घेऊन एकेकाच्या कपाळावर क्रूस काढला. मधाची पापडी मोडून सगळ्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. इमरो म्हणाला, "तब्येत सांभाळ, जरा बारीक हो." दारिना म्हणाली, "आई, यंदा खरंच वजन मनावर घे." जावई मातूश सभ्य माणूस, तो म्हणाला, "आई, तुम्हाला हलकं वाटो."

मग तिनं आंबट कोबीचं सूप आणलं. एक.

चमचे एकदम थांबले.

"मीठ नाहीये," इमरो म्हणाला.

"चाखलं नाहीस?" ओतीलियाबाईंनी विचारलं.

"चाखलं की ते पोटात जातं, आई."

मिठाचं नाव निघालं तशी सगळ्यांची नजर भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोवर गेली आणि तिथून व्लास्तावर आली. ती उठली. उठायचं म्हणजे दोन्ही हात टेबलावर टेकायचे, भार डाव्या पायावर घ्यायचा आणि उजव्या गुडघ्यातली खडी जागेवर बसेपर्यंत श्वास रोखायचा. मिठाची बरणी आणून ती बसली. सूप कोमट झालं होतं.

मासा आणि बटाट्याचं सॅलड घेऊन आली. दारिनानं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"आई, हे काय आहे?"

"सॅलड."

"मेयोनीज कुठंय?"

"दही घातलंय."

"दही? आजच्या दिवशी?"

"आत्ताच म्हणालीस ना, वजन मनावर घे."

"तू घे ना! आम्हाला कशाला?"

"फ्रिजमध्ये बाटली असेलच की," इमरो म्हणाला. तो फ्रिजपासून चार पावलांवर बसला होता.

व्लास्ता उठली. फ्रिजच्या डोक्यावर चंद्रकोरींचं ताट होतं. बाटली घेताना एक चंद्रकोर तोंडात कधी गेली ते तिला गिळल्यावर कळलं. दुसरी मात्र कळून गेली. परत येऊन बसली तेव्हा ओतीलियाबाई म्हणाल्या, "मिशीला साखर लागलीय."

दारिना हसली. इमरोही हसला. व्लास्तानं रुमालानं ओठ पुसले. तिच्या मनात आलं, या दोन चंद्रकोरींचे किती भरले असतील? तीस ग्रॅम? पोस्टात तीस ग्रॅमचं पाकीट आलं की ती डोळे मिटून सांगायची. स्वतःच्या पोटातलं सांगता येत नव्हतं.

"लिंबू?" मातूश म्हणाला. "असेल तर. नसलं तरी चालेल."

ते घरात नेहमी असायचंच. ती उठली.

"उठलीसच तर जरा ब्रेड आण," इमरो म्हणाला.

लिंबू आणलं, ब्रेड आणला. बसून काट्यानं माशाचा पहिला तुकडा तोडला. वरची कड कडक झाली होती, आत गारढोण. तोंडापर्यंत नेला तोच वास आला. सगळ्यांनाच आला.

"खसखस जळतेय," इमरो म्हणाला.

"हो. येतोय वास."

"मग?"

व्लास्तानं काटा खाली ठेवला. तिला रडू येत नव्हतं. गुडघ्यातून एक आग वर चढून कपाळावरच्या मधाच्या क्रूसापर्यंत आली होती, तेवढंच. "मग उठा कुणीतरी," ती म्हणाली.

"कोण?"

"कुणीही. तीनदा उठायचं ठरवलं होतं मी. पाचदा उठले. दहा दिवसांनी माझं वजन आहे. इथं सगळ्यांना मी बारीक व्हायला हवीय आणि सगळ्यांना मेयोनीज हवंय. मी बसलेय."

"अगं पण आजच्या दिवशी मी कसा उठू?" इमरो काकुळतीला आला. "तुला माहीत आहे ना, बाबांचं..."

"मातूश," दारिना म्हणाली, "तू तर म्हणतोस हे सगळं थोतांड आहे."

मातूश इंजिनिअर होता. या साखळीला आणि खुर्चीला तो दरवर्षी हसायचा. "आहेच थोतांड," तो म्हणाला आणि खुर्चीत जरा पुढं सरकला. तिथंच थांबला. "पण उगाच कशाला?"

स्वयंपाकघराच्या दाराखालून निळसर धूर आत यायला लागला. कुणी हललं नाही. चौघंजण व्लास्ताकडं बघत होते आणि व्लास्ता आपल्या गार माशाकडं.

तेवढ्यात साखळी खणकली. ओतीलियाबाईंचा पाय तिला लागला होता. त्या उठत होत्या.

"आई!" इमरो पांढराफटक पडला. "आई, बस! बस म्हणतो ना!" पण तिला खाली बसवायलाही तो उठला नाही.

"ओरडू नकोस. जळकी खसखस कोण खाणार?" ओतीलियाबाई टेबलाच्या कडेकडेनं निघाल्या. व्लास्ताच्या खुर्चीपाशी थांबल्या आणि तिच्या पुढचं ताट उचललं.

"आई, मी जाते," व्लास्ता अर्धवट उठली.

"तू बस."

आतून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला, मग खिडकीचा, मग बऱ्याच वेळानं तव्याचा. बाहेर कुणी घास घेतला नाही. दारिना एकदा "आजी?" म्हणाली. आतून उत्तर आलं, "वरचे जळलेत. खालचे बरे आहेत."

त्या तेच ताट घेऊन परत आल्या. माशाच्या तुकड्यातून वाफ निघत होती. ते व्लास्तासमोर ठेवून त्या आपल्या जागेवर गेल्या आणि दम खात बसल्या.

"तू या घरात यायच्या आधी अठ्ठावीस वर्षं मी गार मासा खाल्लाय," त्या म्हणाल्या. "मग तू आलीस आणि मला गरम मिळायला लागला. मला बरं वाटलं. मी काही बोलले नाही." त्यांनी नॅपकिन मांडीवर नीट पसरला. "खा. आणि हा एकच तुकडा. ओट्याशी काही नाही खायचं. ओटा मी बघीन."

व्लास्तानं खाल्लं. जीभ भाजली. इमरो सबंध जेवणभर आईकडं बघत होता, ती श्वास घेतेय ना याची खात्री करत असल्यासारखा.

तीन जानेवारीला हॉस्पिटलात ओतीलियाबाई हट्टानं बरोबर आल्या. इमरो खाली गाडीत बसला. पार्किंग मिळत नाही म्हणाला. तपासणीच्या खोलीबाहेर व्लास्तानं एकेक करून सगळं सासूच्या ओंजळीत दिलं. स्वेटर, घड्याळ, कानातले, केसांतल्या पिना. अंगठी बोटातून निघाली, तेव्हा दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पाच वर्षांत ती निघाली नव्हती.

आत नर्सनं काट्याचं वजन सरकवलं, थांबवलं आणि मान वर न करता लिहिलं. "चौऱ्याण्णव आठशे. सोळा फेब्रुवारी. सकाळी उपाशी या."

"येते," व्लास्ता म्हणाली. 

बाहेर बाकावर ओतीलियाबाई मांडीवर तो सगळा पसारा घेऊन बसल्या होत्या. व्लास्ता आत गेली तेव्हा होत्या त्याच जागी.

"झालं?"

"झालं."

व्लास्ता शेजारी बसली. बूट पायात सरकवले, पण नाड्यांपर्यंत वाकता येईना. ओतीलियाबाईंनी पसारा बाजूला ठेवला आणि मांडी थोपटली. व्लास्तानं न वाकणारा उजवा पाय उचलून तिथं ठेवला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. इमरोची जेवायची वेळ झाली होती.

म्हातारीनं नाडीची गाठ मारली, दुसरा पाय मांडीवर घेतला. हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक. दुसऱ्या बुटाची नाडी पिळली गेली होती. ओतीलियाबाईंनी ती सगळी सोडवली आणि पहिल्या भोकापासून सावकाश ओवायला घेतली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.