घोट्यातली करकर

मी एक लेप आहे. वयाने एका वर्षाचाही नाही, तरी आता पार जुना, जर्जर झालोय. मित्रांनो, मी केसाहूनही पातळ आहे, म्हणून मला हसू नका. माझ्या आत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा एक स्क्रू आहे आणि त्याची सगळी मदार माझ्यावर आहे.

हा धातू गुणाचा, हाडाशी जुळवून घेणारा. पण पाण्याशी त्याचं जमत नाही. शरीरातलं पाणी लागलं की तो झिजतो आणि त्यातून वायू सुटतो. त्याने सावकाश विरघळावं, हाड जुळेपर्यंत टिकावं, म्हणून कारखान्यात एका द्रावणात, विजेच्या ठिणग्यांत त्याच्या अंगावर माझा जन्म झाला. सूक्ष्मदर्शकातून मला पाहून तिथली मुलगी म्हणाली होती, "एकपण भेग नाही." तेव्हा मी चांगलाच फुशारलो होतो.

मग मी भावसिंगच्या डाव्या घोट्यात आलो. भावसिंग वणीकडे कोळशाचा ट्रक चालवतो. केबिनमधून उतरताना त्याचा पाय घसरला नि घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं, "भाऊ, हा स्क्रू आपोआप विरघळते, काढा लागत नाही. पण मी एक्स-रेचा फोटो पाहून हो म्हणेपर्यंत क्लच दाबायचा नाही." भावसिंगने त्यातलं विरघळणं तेवढं ध्यानात ठेवलं. माणसाचे कान असेच सोयीचे असतात.

महिना उलटतो न उलटतो तोच तो गाडीवर चढला. खाणीच्या रांगेत गाडी हातभर सरकते नि थांबते. दर वेळी क्लच, दर वेळी माझ्यावर ताण. शेवटी मी तडकलो. भेगेतून पाणी आत शिरलं आणि वायूचे बुडबुडे कातडीखाली साचू लागले.

आज सकाळी त्याची बायको बसंतीबाई घोट्याला तेल लावत होती. तिचा हात थबकला.

"अवो, बोट दाबलं की आतमधी करकर वाजून राह्यलं. काहून?"

भावसिंग हसला. "स्क्रू विरघळून राह्यला तो. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं ना."

"मंग पाय कायले सुजला? चाला, दाखवून येऊ."

"गोळी दे एक. दुखणं थांबते. माही गाडी लाइनीत उभी हाय."

तिने गोळी दिली, पण तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

मित्रांनो, मला तोंड नाही. दुखणं हीच माझी हाक होती आणि ती त्याने गोळीने गप्प केली. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. हाड अजून जुळलेलं नाही. स्क्रू आतून बारीक होत चाललाय. तो तुटला, तर हा पाय पुन्हा गाडी चालवायच्या कामाचा राहणार नाही, आणि भावसिंगला दुसरं काही येत नाही.

तुमच्या घरी कोणाच्या हाडात माझा भाऊबंद असेल, तर त्याची अशी करकर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणेपर्यंत थांबा. मी जेवढं धरून ठेवता येईल तेवढं ठेवतोच आहे.

आता रांगेतला पुढचा ट्रक सरकलाय. भावसिंगला काहीच दुखत नाही. त्याने डावा पाय उचलून क्लचवर ठेवला.