दारातलं पाणी

"दावं सोड, म्हातारे!"

"न्हाई सोडत. गाभन म्हस हाय माझी. आठवा म्हयना लागलाय तिला."

"शहराच्या हद्दीत जनावर रस्त्यावर बांधायचं न्हाई. सोड, न्हाईतर तुलाच दावं लावून कोंडवाड्यात घालतो!"

महापालिकेचा शिपाई जयसिंग गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला आणि त्याने दाव्याला हिसका दिला. मुक्ताई शेणात पडली. वाघोलीच्या अंगाला असलेले तिचे गाव शहराच्या हद्दीत गेले, तेव्हापासून तिचे अंगण रस्ता झाले होते आणि तिची म्हैस उपद्रव ठरली होती. चौथ्या दिवशी म्हैस परत मिळाली. पण ती कोंडवाड्यातच गाभडली होती, पोटातले रेडकू गेले होते.

मुक्ताईने भरपाई मागितली नाही. शेजारची सून पूर्णिमा शाळेत शिकवीत असे. तिला ती म्हणाली, "लिही. जितं बोलला तितंच, चार मानसांत, चुकलो म्हनावं त्यानं. दुसरं काय नको."

महापालिकेच्या कार्यालयातून तीन महिने उत्तर आले नाही. मग पूर्णिमाने पालिकेच्या नोकरांच्या वागणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे अर्ज धाडला. लोकपालांनी कार्यालयाकडून अहवाल मागवला; आणि कार्यालयाने चौकशीसाठी धाडले ते खुद्द जयसिंगलाच.

चैत्राची दुपार होती, डांबर पायाला चिकटत होते. जयसिंग दाराशी येऊन उभा राहिला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

मुक्ताईने त्याच्याकडे पाहिले. सासरी आल्यापासून बावन्न वर्षांत तिच्या दारातून कुणी कोरड्या घशाने गेलेले नव्हते. तिने रांजणातून तांब्या भरला, गुळाचा खडा दिला, त्याच म्हशीच्या दुधाचा चहा दिला. त्याने पोटभर घेतला आणि कागद पुढे केला. "येऊन गेलो म्हनून अंगठा द्या, मावशी."

तिने अंगठा दिला.

नारायण पेठेतल्या कचेरीत सुनावणी झाली. लोकपाल निवृत्त न्यायाधीश होते. कमी बोलत आणि बोललेले टोचे.

"आरोपीलाच चौकशीला पाठवलंत?" त्यांनी कार्यालयाच्या अधिकाऱ्याला विचारले. "छान. अहवालाचं अक्षर तरी दुसऱ्याचं घ्यायचं होतंत."

लोकपालांनी कागद उचलला. "आजी, यात लिहिलंय की आपण यांना चहापाणी केलंत, आपलं समाधान झालं आणि तक्रार मागे घेतलीत. खाली अंगठा आपला?"

"माझाच."

"चहा यांनी मागितला?"

पूर्णिमाने मुक्ताईचा पदर ओढला. मुक्ताईने तो सोडवून घेतला.

"मागितला न्हाई. दारात आला, दिला. वैऱ्यालाबी पानी देत्यात, सायेब. पानी दिलं म्हंजी माफ केलं का?"

"नाही. पण अंगठा दिलात. कागद वाचून घेतलात का?"

"माझा गूळ खाऊन बसलेल्या मानसाच्या हातातला कागद तपासायचा व्हय? त्यानं आल्याचा अंगठा मागितला, म्या दिला."

लोकपालांनी चष्मा काढला.

"आपण खरं बोलताय, हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण दिसणं कागदावर चढत नाही. दबाव नव्हता, असं आपणच सांगताय."

पंधरा दिवसांनी निकालाचा कागद आला. आरोपीसच चौकशीस धाडल्याबद्दल कार्यालयाला समज. तक्रार, समेट झाल्याने, निकाली. पूर्णिमाला रडू आले. मुक्ताई गोठा झाडीत राहिली.

वैशाखात जयसिंग नवी नोटीस घेऊन पुन्हा आला.

"लई ऊन हाय, मावशी. जरा पानी..."

"कागद दे आदी. पूर्णिमा, वाच. मोठ्यानं वाच, गल्लीला ऐकू जाऊ दे."

पूर्णिमाने पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत सगळे वाचले. जयसिंग उन्हात उभा होता. चुकलो, हा शब्द कागदात कुठेच नव्हता. त्याच्या तोंडीही आला नाही.

मुक्ताई उठली. तिने रांजणातून घागर भरली, जयसिंगच्या समोरून गोठ्यात नेली आणि म्हशीपुढच्या डोणीत ओतली. म्हशीने तोंड घातले. मुक्ताई दुसऱ्या घागरीसाठी वळली, मग तिसऱ्या. रांजणाचा तळ दिसेपर्यंत ती थांबली नाही.

जयसिंग कोरडाच परत गेला. दारातून असा गेलेला तो पहिला माणूस.

पूर्णिमाने आपल्या घरून तिच्यासाठी तांब्या भरून आणला. मुक्ताईने त्याला तोंड लावले नाही; तो संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर तसाच भरलेला होता.