स्पीकरची ओटी

“गप बस गो मावशे, धवला चाललाय!”

हौसाला असं दटावणारी पोर विशीतली असेल. अष्टमी गावातल्या त्या मांडवात नवऱ्याला हळद लागत होती, कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर उभे होते आणि त्यांतून धवला गात होती खुद्द हौसा. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाहुणी म्हणून बसलेली हौसा एवढंच म्हणाली होती, “ह्यो माजा आवाज हाय.” स्वतःचंच गाणं लोकांना ऐकू यावं म्हणून गप बसवलं जाण्याचा मान आजवर कुठल्या धवलारणीला मिळाला नसेल.

धवलारीण म्हणजे लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. खाडीकाठच्या आगरी घरांत भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीवाचून हळद पुढे सरकत नाही. निदान सरकत नव्हती. ती आवतणाशिवाय जात नाही आणि ओटी भरल्याशिवाय उठत नाही. लुगडं, नारळ नि सूपभर तांदूळ हा तिचा हक्क. कासूच्या हौसाने उभा जन्म या ओटीवर घर चालवलं होतं आणि तोराही. तिने हाक मारल्याशिवाय देवसुद्धा लग्नाला येत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं.

मग कासूतच निकेश नावाच्या पोराच्या हळदीला रामवाडीचा डीजेवाला जितेश आला. “मोठ्यानं गा काकी,” म्हणत त्याने तिच्या तोंडाशी माइक धरला, वर चहा पाजला, आणि घरी जाऊन त्या धवल्याखाली ढोल भरून तो इंटरनेटवर सोडून दिला. धवला असा चालला की पेणपासून रोह्यापर्यंत ज्याच्या त्याच्या हळदीत तोच. हौसाची आवतणं मात्र बंद झाली.

धवल्यात नवरा-नवरीची नावं गुंफायची असतात. या धवल्यात निकेश आणि त्याची नवरी मृणाली कायमचे अडकले होते. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यांना निकेशच्या नावाने हळद लागली, आणि निकेश बिचारा लोकांची थट्टा ऐकून घराबाहेर पडेनासा झाला. अष्टमीचा नवरा हरेशही अंगभर माखून दुसऱ्याचं लग्न मुकाट्याने ऐकत होता. त्यातच, एकेका देवाला आमंत्रण चाललेलं असताना गाणं थांबलं आणि जाहिरातीतली कोणी बाई गाद्यांवरची सवलत सांगू लागली. समोरच्या म्हाताऱ्यांनी जोडलेले हात तसेच ठेवले.

हळद आटोपली. ओटी कोणाचीच भरली नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा रामवाडीत जितेशच्या स्टुडिओवर धडकली. स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेली एक खोली.

“अंड्यांचा धंदा पन करतस काय रं?”

“आवाज घुमू नये म्हनून लावलेत, काकी.”

“मंग माजा कशाला घुमवलास गावभर?”

जितेश तसा वाईट पोरगा नव्हता. त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि कंप्युटर उघडून दाखवला. ऐकणारे लाखांत होते. पैसे मात्र एकेका ऐकण्यामागे चिमूटभरसुद्धा नाहीत, आणि त्यातही आधी कंपनी जेवणार, मग मधले, आणि पंगत उठल्यावर जितेश.

“स्पीकरचा हप्ता पन सुटला नाय, काकी. तुझा वाटा देतो ना, पन एक नारळ येल त्यात.”

“आनि लुगडं?”

“लुगड्यासाठी आजून लय लोकांनी ऐकाया पायजेल.”

“मना तुझ्या कंपनीचं काय नको. ज्या घरात माजा धवला, त्या घरानं माजी वटी भराची.”

“तसा ऑप्शन नाय गो काकी त्या ॲपात.”

“मंग मीच येतंय ऑप्शन म्हनून,” असं म्हणून हौसा उठली.

त्या हंगामात जिथे स्पीकर वाजला तिथे हौसा हजर झाली. स्पीकरच्या पुढ्यात फतकल मारायची, पदर पसरायची आणि खणखणीत विचारायची, “वटी मना भरता का त्याला?” शुभकार्यातून धवलारीण रित्या ओटीने गेली तर अपशकुन. नवरदेवांच्या आया लुगडी शोधायला पळत सुटल्या. रोह्यातल्या एका धास्तावलेल्या डीजेवाल्याने तर खबरदारी म्हणून स्पीकरलाच कुंकू लावून पुढे नारळ ठेवला. हौसाने तोही उचलला.

पेटीत लुगडी मावेनात. शेजारीण हेव्याने म्हणाली, “बरा हाय गो तुजा. गळ्याला त्रास नाय, बसल्या जागी मिलतं!” त्या दिवशी हौसाला जेवण गेलं नाही. आवतण नाही, गाणं नाही, आणि पदर पुढे. याला गावात काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिला स्वतःची लाज वाटली. ती जायची बंद झाली.

आणि एका सकाळी जितेश दारात उभा, हातात आवतणाची अक्षता-सुपारी. त्याच्या बहिणीची, समीक्षाची हळद होती.

“तुझ्याकडं हाय ना मशीन?” हौसाने पायरीवरूनच विचारलं.

“हाय. पन बहिनीचा धवला गायला तूच पायजेस, काकी. आय म्हनते, हौसा नसली तर हळद नाय.”

हौसाने त्याला थोडा वेळ उन्हात उभं ठेवलं. मग दोन्ही हातांनी सुपारी घेतली.

रामवाडीच्या मांडवात स्पीकरवर चादर टाकली होती. हौसाने घसा साफ केला मात्र, सगळ्या मांडवाचे मोबाइल वर आले. करवल्या, काके, मामे, आचारीसुद्धा. “काकी, हिकडं बघून गा!” असा हुकूमही आला. मोबाइल खाली घ्या म्हणून जितेश ओरडत होता, पण त्याचं ऐकतो कोण? सवयीने त्याचाही हात खिशाकडे गेला आणि ओशाळून परत आला.

आता गायलं तर पोरीची हळद सुकायच्या आत धवला पनवेल गाठणार. नाही गायलं तर पोरीची हळद मुकी राहणार. हौसा पाटाशी सरकली. डोईचा पदर तिने ओढून समीक्षाच्याही डोक्यावरून घेतला, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन धवला सुरू केला.

“आवाज येत नाय!” कोणीतरी तक्रार केली. मोबाइल जवळ आले, घुटमळले, मग एकेक करून खाली गेले. पदराखाली खुदखुदणाऱ्या समीक्षाचं हसू थांबलं. तिने हौसाची बोटं घट्ट धरली. हौसाला कसलीच घाई नव्हती. ती एकाही देवाला वगळत नव्हती.

जितेशची आई लुगडं-नारळाचं सूप हातात घेऊन पदराबाहेर उभी राहिली, धवला संपायची वाट बघत.