बेचाळीस पानं आणि सासूबाईंचे गुडघे

शपथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आज संध्याकाळच्या आत पडोत! मुद्दाम मोठ्याने सांगतेय, कारण पुढचं ऐकून तुम्ही "काहीतरीच काय!" म्हणणार, हे मला आत्ताच दिसतंय.

तर पत्र्याचे डबे बनवणारी एक कंपनी होती. तिथे एक बाई होती, तिचं काम एकच. कंपनीत काय चाललंय ते कंपनीतल्याच माणसांना कळवायचं. दर सोमवारी ती सगळ्यांच्या फोनवर बातमीपत्र पाठवायची. अकरा वर्षं पाठवत होती, म्हणून तिला सगळे पत्रकबाई म्हणायचे. अकरा वर्षांत तिचा चेहरासुद्धा चौथ्यांदा धुतलेल्या रुमालासारखा झाला होता. फाटलेला नाही, पण रंग कुठला होता ते विचारू नये.

गेल्या वर्षी तिच्या हातून एक चूक झाली. तिने मोठ्या साहेबांना एक आकडा दाखवला. बातमीपत्र शहाण्णव टक्के लोक उघडतात! हिरव्या गोलात, मोठ्या अक्षरात. साहेब लोक खूश. शहाण्णव टक्के लोक वाचतायत म्हटल्यावर पाळी सुरू होताना मशिनं थांबवून पाच मिनिटं सूचना सांगायची जी पद्धत होती, ती त्यांनी बंद केली. तीन पाळ्यांची पंधरा मिनिटं वाचली, झालं.

आणि दीड महिन्यापूर्वी प्रेस मशीनचं थांबवायचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं. बातमीपत्रात चौथ्या नंबरवर तसं छापलेलं होतं. एका कामगाराने घाईत सवयीने उजवीकडे हात मारला. बोटं वाचली, दोन नखं गेली.

पाळीप्रमुख तिच्या टेबलाशी आला, बसलासुद्धा नाही.

"पत्रकबाई, त्याने उघडलं होतं का हो तुमचं पत्र?"

तिने पाहिलं. उघडलं होतं. सात सेकंद.

"सात सेकंदांत काय वाचलं असेल त्याने?"

पत्राच्या तळाशी कंपनीच्या गाड्यांच्या वेळा असायच्या. माणसं पत्र उघडायची, अंगठ्याने सर्रकन खाली जायची, गाडी बघायची आणि बंद. एकाचं नाही, सगळ्यांचं तसंच. हिरव्या गोलातले शहाण्णव टक्के म्हणजे गाडीची वाट बघणारी माणसं होती.

"पुढच्या वेळी नखांवर भागायचं नाही," पाळीप्रमुख म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. आपण नाचवलेला आकडा आपणच खाली उतरवायचा आणि ती पाच मिनिटं परत मिळवायची, एवढंच डोक्यात. साहेबांच्या बैठकीत याच विषयावर तिला दहा मिनिटं मिळाली. मग बसली बाई कामाला. कुठल्या विभागात कोण किती वेळ वाचतं, कुठलं शीर्षक चालतं, कुठलं पडतं, त्यांचे गोल, खांब, वर जाणाऱ्या रेघा, खाली जाणाऱ्या रेघा. बेचाळीस पानं झाली. थकलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, तो आपला ढीग वाढवत बसतो.

बैठक शुक्रवारी. सोमवारी तिने ती पानं बैठकीतल्या सातही साहेबांना मेल केली, आधी नजर टाकून ठेवा म्हणून. त्याच दुपारी सासूबाईंच्या गुडघ्याच्या व्यायामाचा कागदही ऑफिसातल्या मशीनवर छापला आणि घाईत न बघताच पाकिटात घालून घरी आणला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दोनदा व्यायाम बदलले होते, हा तिसरा कागद, म्हणून तिने त्या फाइलीला नाव दिलं होतं 'अंतिम'. आणि अहवालाच्या फाइलीचं नाव? तेही 'अंतिम'. आता तुम्हीच ओळखा.

शुक्रवारी सकाळी ती चहा गाळत होती, तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. हातात जाडजूड गठ्ठा.

"अगं, चार दिवस झाले, मी हे वाचतेय. यात माझा गुडघा कुठाय?"

"आई, चित्रं आहेत ना त्यात, पाय उचललेली?"

"पाय? गोल आहेत, काठ्या आहेत. एकविसाव्या पानावर एक रेघ घसरलीय, मला वाटलं ही मीच, जिन्यावरून."

पत्रकबाईने गठ्ठा हातात घेतला आणि गाळणी तशीच कपात पडली. अहवाल इथे. मग साहेबांकडे काय गेलं?

तिने फोन उघडला. सात साहेबांच्या मेलमध्ये एक जाडसर बाई पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबत होती. सातही जणांनी ते उघडलं होतं. तिघांची उत्तरं आली होती. 'मांडणी नेटकी.' 'चित्रं बोलकी आहेत.' आणि हिशेब बघणाऱ्या साहेबांचं, 'पान दोनवर सविस्तर बोलू.'

पान दोनवर खुर्चीवर बसून टाच उचलायची होती.

ती मटकन स्टुलावर बसली. हसावं की रडावं, दोन्हीला अंगात जीव नव्हता.

"काय झालं गं?"

"काही नाही आई. माझी नोकरी गेली बहुतेक."

"जाऊ दे, आधी चहा घे," सासूबाई म्हणाल्या. "मला एक सांग, हे वर शहाण्णव लिहिलंय आणि तिसाव्या पानावर बारीक अक्षरात सात सेकंद. सात सेकंदांत माणूस काय वाचतो? मला चष्मा सापडायलाच त्याहून जास्त लागतात. ते तिसावं पान पहिलं कर की. बाकीचं कोण बघतंय?"

अख्ख्या जगात तो अहवाल वाचलेलं ते एकच माणूस होतं, बरं का!

अकराची बैठक, तिचा नंबर आला पावणेबाराला. आधीचा विषय लांबला होता. सेक्रेटरीने दारातच सांगितलं, "मॅडम, दहाची सहा मिनिटं झालीत हं."

खोलीत गारठा. टेबलावर अर्धवट प्यालेले कप. मोठे साहेब घड्याळ बघत होते. ती आधी माफी मागणार होती, चुकीचं गेलं म्हणून सांगणार होती. पण तोंड उघडायच्या आत हिशेबवाले साहेबच बोलले.

"तुमचं वाचलंय आम्ही सगळ्यांनी. शहाण्णव टक्के, उत्तम आहे. मग मशिनं कशाला थांबवायची?"

"सगळ्यांनी वाचलंय?"

"अहो, म्हणजे काय!" कारखाना बघणारे साहेब म्हणाले. "सोमवारीच."

एरवी तिने मान खाली घातली असती. पण थकव्याचीसुद्धा एक हद्द असते. ती ओलांडली की माणसाला भीतीचं ओझं उचलवत नाही, ते आपोआप गळून पडतं. सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिने व्यायामाचा कागद छापून घेतला होता, तो पिशवीतून काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी तुम्हाला पाठवलं ते हे. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम. चूक माझी, फाइल बदलली. पण सातपैकी सातांनी उघडलं, साहेब. शंभर टक्के. इतका चांगला आकडा मला अकरा वर्षांत मिळाला नव्हता."

कारखानावाले साहेब कप उचलून रिकाम्या कपातून चहा प्यायले.

"मी फोनवर उघडलं होतं," हिशेबवाले म्हणाले. "तिथे चित्रं नीट दिसत नाहीत."

"कामगारही फोनवरच उघडतात, साहेब."

मग तिने फळ्यावर दोनच आकडे लिहिले. शहाण्णव, आणि खाली सात सेकंद. "सात सेकंदांत गाडीची वेळ दिसते. बटण कुठे गेलं ते दिसत नाही. उघडणं म्हणजे वाचणं, असं गेल्या वर्षी मीच तुम्हाला दाखवलं. ते चूक होतं. दोन नखं गेली. मला पाळीच्या सुरुवातीची पाच मिनिटं परत हवीत. तोंडाने सांगायचं, बटणाला हात लावून दाखवायचं. बस."

बेचाळीस पानांतलं एकही पान तिने उघडलं नाही. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मोठ्या साहेबांनी टॉवेलवाल्या बाईचा तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "प्रेस विभागापुरतं सुरू करा. सोमवारपासून, तीन महिने. पण उपयोग होतो की नाही ते मला कळलं पाहिजे. तुम्ही स्वतः तिन्ही पाळ्यांना उभ्या राहा, माणसांना विचारा आणि मला एक पान द्या. एकच."

म्हणजे मागितलं ते मिळालं, तेही एका विभागापुरतं, आणि वर पहाटेची पाळी तिच्याच गळ्यात. जिंकलेल्या माणसासारखं तिला काहीच वाटलं नाही. पाय तेवढे दुखत होते. पण जिन्यात उभं राहून तिने पाळीप्रमुखाला फोन लावला, "सोमवारपासून," एवढंच म्हणाली. पलीकडून मशिनांच्या आवाजातून तो म्हणाला, "बरं झालं, बाई."

ती निघाली तेव्हा मोठे साहेब मुद्दाम जिन्यापर्यंत आले, तिच्यासाठी दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "फार थकलेल्या दिसता. आज घरी जा लवकर."

आता दातांचा प्रश्न आहे, म्हणून कबूल करते. गुडघे खरे, टॉवेलची गुंडाळी खरी, 'चित्रं बोलकी आहेत' तर शंभर टक्के खरं. हे शेवटचं तेवढं मी पदरचं घातलं. साहेब जिन्यापर्यंत वगैरे काही आले नाहीत. ते तेव्हा पुढच्या विषयावर होते, आणि ती सहा वाजेपर्यंत टेबलाशीच होती. पण कुणीतरी तिला तसं म्हणायला हवं होतं की नाही, सांगा!