उजेडाचा चौकोन

“काका, रेघ इथंच थांबली. केबल पुढं डावीकडं जाते की उजवीकडं?”

इंजिनीअर बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हातारा वायरमन गुडघ्यांवर हात टेकून उठला. पहिल्या मजल्याच्या जमिनीवर त्यानं खडूनं ओढलेली रेघ निम्म्यावर संपली होती. पुढचं काही केल्या आठवेना.

तेहतीस वर्षं त्यानं या कचेरीतले दिवे सांभाळले होते. इमारत इतकी रुंद, की मधोमध बसणाऱ्यांना भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइटशिवाय सही करता यायची नाही. पुढे कचेरी बंद पडली. आता तिथं घरं व्हायची होती. खांब अजून पन्नास-साठ वर्षं हलायचे नाहीत, मग एवढं सिमेंट-लोखंड मातीत कशाला घालायचं, म्हणून इमारत पाडायची नाही असं ठरलं. पण माणसं राहायची तर ऊन-वारा हवा. त्यासाठी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत मधोमध मोठा चौकोन कापून काढायचं काम चाललं होतं. वरचे सहा स्लॅब कापून झाले होते, गच्चीच्या भोकावर जाड ताडपत्री ताणली होती. राहिला होता हा शेवटचा. नेमकी याच्याच पोटातून मागच्या दवाखान्याची केबल गेली होती आणि तिथली वीज बंद ठेवता येत नव्हती. जुने नकाशे वाळवीनं खाल्ले होते. तपासायचं यंत्र सळई आणि केबल सारखीच दाखवत होतं. म्हणून तर बाईंनी वायरमनला घरून शोधून आणलं होतं.

“उजवीकडं,” तो म्हणाला.

“म्हणजे डावी बाजू मोकळी,” असं म्हणत करवतवाल्यानं डावीकडं करवत मांडली. वायरमन करवतीसमोर आडवा आला.

“थांब रे, थांब! बाई, खरं सांगतो, मी अंदाजानं बोललो. वर्ष झालं, डोकं दगा देतंय. सकाळी चहा घेतला की नाही, तेसुद्धा बायकोला विचारावं लागतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली.”

बाईंनी करवतीचा प्लग काढायला लावला आणि म्हणाल्या, “मग हेही काकूंनाच विचारा की.”

त्यानं फोन लावला. “ऐकतेस का, ती दवाखान्याची केबल...”

“तिला काय झालं आता? ती टाकायला तुम्ही पाच दिवस घरी नव्हतात. सहाव्या दिवशी आलात ते खांदा सोलून. जिन्याजवळच्या खांबाला वळसा घालून ओढली, म्हणालात.”

“जिन्याजवळच्या? नक्की?”

“नक्की म्हणजे? तुम्ही जमीन खोदत होतात आणि कॅशियर खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता, म्हणून हसत होतात. मी इथं तापलेल्या पोरीच्या कपाळावर घड्या ठेवतेय आणि तुम्हाला हसू आवरेना. विसरेन होय मी?”

जिना डावीकडं होता.

छिन्नी-हातोड्यानं हळूहळू टवके काढले. चार बोटं खाली मनगटाएवढी काळी केबल दिसली. करवतवाल्यानं आपली करवत उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. वायरमननं तिच्याशेजारून रेघ पुरी केली. रेघ सरळ आली.

केबल बाजूला वळवून बांधली, स्लॅबचे तुकडे खाली उतरवले. चौथ्या दिवशी दुपारी ताडपत्री काढायची होती. बाईंनी वायरमनच्या बायकोलाही बोलावलं. एवढ्या वर्षांत तिनं या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं.

सगळे तळमजल्यावर जमले आणि वर दोऱ्या सुटल्या. आधी हवेतली धूळ उजळली. मग कापलेल्या कडा मजल्यामागून मजला लखलखत गेल्या आणि ऊन थेट तळमजल्याच्या फरशीवर येऊन टेकलं. इमारत उभी राहिल्यापासून त्या फरशीनं ऊन पाहिलं नव्हतं. करवतवाल्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. वायरमननं मान मागं टाकली. सात मजल्यांच्या वर निळं आभाळ, आणि त्यातून एक पाखरू आडवं निघून गेलं. किती ट्यूबा बदलल्या, किती स्टार्टर फिरवले! आणि बिनतारेचा एवढा उजेड इतकी वर्षं या इमारतीच्या डोक्यावर नुसता पडून होता.

“अगंबाई,” बायको पुटपुटली. “केवढं हे!”

ती उन्हात शिरली आणि चारी बाजूंना बघत सावकाश फिरू लागली. “हा जिना. म्हणजे इथं मोठे साहेब. आणि त्या खांबापाशी ती टायपिस्ट.”

“तुला कसं ठाऊक?”

“तुम्हीच सांगायचात, रोज जेवताना.”

तो सिमेंटच्या गोणीवर बसला. तीही शेजारी टेकली. दोघांच्याही मांडीवर ऊन आलं होतं.

“एकदा सगळीकडचे दिवे गेले होते,” ती म्हणाली. “काळोखात सगळे गप्प. फक्त त्या टायपिस्टचा खडखडाट चालू होता. न बघता टाइप करत होती. तुम्ही शिडीवर चढलात, आणि...”

ती थांबली. त्याला आठवतंय का, हे तिनं हळूच पाहून घेतलं.

तो तिच्याकडं सरकला.

“मग?” त्यानं विचारलं. “मग काय झालं?”